‘बंद’ बटणावरचं कुंकू

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला, तेव्हा संघपाल गारखेड्यातल्या घरी दात घासत होता आणि बऱ्याच वर्षांनी खुशीत होता. खुशीचं कारण साधं होतं. शुक्रवारी गंगापूरला मशीन बसलं होतं. आठ दिवस ते नीट चाललं, की तिथल्या मसाला कांडपाच्या मालकीण गोजरबाई ‘मशीन पसंत आहे’ असं लिहून सही देणार होत्या, आणि सही हातात पडली की संघपालला आठ दिवसांची सुट्टी मिळणार होती. त्याला कुठं जायचं नव्हतं. थंड हवा नको होती, समुद्र नको होता. त्याला फक्त आठ दिवस एकही बटण बघायचं नव्हतं.

"दाराची बेल पण नाही?" त्याच्या बायकोनं, रूपानं, आदल्या रात्री विचारलं होतं.

"बेल बघायची नसते, ऐकायची असते. आणि ती पण मी ऐकणार नाहीये."

"मग दार मीच उघडायचं म्हणा की सरळ."

बटणं हाच संघपालचा धंदा होता. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत व्यंकटरावांची छोटी कंपनी होती. ती नाना प्रकारच्या यंत्रांसाठी टचस्क्रीन बनवायची. यंत्राच्या तोंडावर जी तळहाताएवढी काच असते, तिच्यावर काय दिसावं, कुठलं बटण कुठं असावं, दाबल्यावर पुढं काय उघडावं, हे सगळं संघपाल ठरवायचा. अकरा वर्षं तो हेच करत होता. त्याच्या सासऱ्यांना अजूनही वाटायचं, की जावयाचा शर्टाच्या गुंड्यांचा कारखाना आहे. समजावून सांगायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. उलट दर दिवाळीला ते "यंदा मागणी कशी आहे?" असं विचारायचे, आणि तो "बरी आहे" म्हणायचा.

या मसाला कांडपाच्या मशीननं तर त्याचे चौदा महिने खाल्ले होते. खरं तर मशीननं एक खाल्ला, तेरा व्यंकटरावांनी. "अक्षरं नकोत," त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. "गावाकडच्या बाया आहेत, चित्रं पाहिजेत." मग मिरचीचं चित्र काढलं, तर म्हणाले, "ही मिरची रागावल्यासारखी वाटते रे." संघपालनं मिरचीचे सतरा नमुने केले. सतराव्या मिरचीला बघून व्यंकटराव म्हणाले, "पहिलीच बरी होती." धने काढले तर ते सगळ्यांना बंदुकीचे छर्रे वाटले. अशी लढाई करत करत शेवटी काळ्याभोर स्क्रीनवर चार चित्रं बसली: मिरची, हळद, धने, काळा मसाला. खाली कोपऱ्यात ‘सुरू’चा हिरवा त्रिकोण. आणि बरोबर मधोमध ‘बंद’चं लाल गोल बटण.

त्या लाल गोलावर संघपालचा जीव होता. काळ्या काचेवर तो असा उठून दिसायचा, की लांबून, मसाल्याच्या धुरळ्यातून, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही सापडावा. चाचणीही कसली केली होती! तेलाचा हात, पिठाचा हात, मिरचीचा हात, बांगड्यांचा हात, अंगठ्या, पदराचं टोक. माणूस मशीनला कसा कसा हात लावू शकतो, त्या सगळ्याचा विचार आपण केला आहे, अशी त्याची खात्री होती.

फोनवर पुंजाराम होते. पुंजाराम म्हणजे नात्यानं गोजरबाईंचे मालक आणि कामानं त्यांच्याच कांडपावरचे गडी.

"साहेब, मशीन थांबंना."

"थांबेना म्हणजे? लाल बटण दाबा."

"ते दाबता येत नाय."

"अडकलंय? अहो काका, काच आहे ती, अडकेल कशी?"

"अडकलं नाय. त्याला हात लावता येत नाय."

"शॉक बसतोय?" तोंडातला फेस संघपालच्या घशात उतरला.

"शॉक कशाचा! तुमी या म्हंजी दिसंल. सध्या भिताडावरचा खटका पाडून थांबवायलोय. पर परत चालू केलं की ते तुमचं गोल गोल फिरतंय आन् नमस्कार म्हणायलंय. सकाळधरनं पन्नास बारी नमस्कार झालाय. बाया बी आता उलटून नमस्कार म्हणंनात."

ही व्यंकटरावांची हौस होती. मशीन चालू झालं की कंपनीचं चिन्ह चाळीस सेकंद फिरणार आणि एक गोड बाई म्हणणार, ‘नमस्कार, आपले स्वागत आहे.’ संघपालनं तोंड धुतलं, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि छावणीच्या पुढं नगर नाक्यावर जाऊन गंगापूरच्या जीपमध्ये बारावा माणूस म्हणून बसला. वाळूजपर्यंत त्याचा एक पाय बाहेर होता.

चैत्र संपत आलेला, वर्षाचा मसाला करायचे दिवस. गोजरबाईंच्या कांडपासमोर डबे, पिशव्या घेऊन वीसेक बायकांची रांग लागली होती. हवेतच इतकी मिरची होती, की नुसता श्वास घेतला तरी ठसका यावा. गोजरबाई मशीनशेजारी स्टुलावर बसून पेपर वाचत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं मजबूत, आवाजानं त्याहून मजबूत. तालुक्यातल्या चाळीस गावांच्या महिला बचत गटांचा जो संघ होता, त्याच्या त्या अध्यक्ष. त्यांनी पसंती दिली, की चाळीस गावांत चाळीस मशीनं जाणार होती.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "बघा तुमचं लेकरू. रडाया लागलं की गप बसंना."

संघपालनं स्क्रीन बघितली. बरोबर मधोमध, लाल बटणावरच, कुंकवाचं एक ठसठशीत बोट उमटलेलं होतं. त्याला खाली हळदीची जोड. त्यात चार अक्षता रुतलेल्या. सगळं वाळून कडक झालेलं. वरून कुणी बोट लावलंय की नाही, हे काचेला कळायचा मार्गच उरला नव्हता. 

"हे कुणी लावलं?"

"मी. काल सांजच्याला. पूजा केल्याबिगर नवं मशीन चालवायचं व्हय?"

"करा की ताई. पण बटणावर?"

"कंचं बटण?" गोजरबाईंनी पेपर खाली ठेवला. पुढं वाकून पाहिलं. "ते बटण हाय व्हय? अगं बया! मला वाटलं तुमीच जागा आखून दिली. काळीभोर काच, मधोमध लाल गोल. मी ह्यांना म्हटलं बी, बनवणारा शहाणा दिसतोय, कुंकू कुठं लावायचं ते सुदिक दाखवून ठेवलंय."

पुंजारामांनी मान हलवून साक्ष दिली.

संघपालनं आपल्या लाल गोलाकडं बघितलं. चौदा महिन्यांत तो ह्या गोलाकडं हजारदा बघत आला होता. आता मात्र त्याला तो गोल, काही केल्या, बटण वाटेना. काळ्या कपाळावरचं कुंकूच वाटायला लागलं.

त्यानं गुपचूप पिशवीतून स्क्रीन पुसायचं फडकं काढलं. तेवढ्यात रांगेतली कुजबुज थांबली. वीस बायका त्या फडक्याकडं बघत होत्या.

"काय करायलेत भाऊ?" गोजरबाईंनी विचारलं.

"जरासं पुसतो."

"आवो! नव्या मशीनचं कुंकू पुसतेत व्हय? ते आपसूक जाऊ द्यायचं असतं. आमच्या मामंजींच्या इंजनाला लावलेलं कुंकू तीस वर्सं राहिलं. इंजन भंगारात गेलं, कुंकू तसंच."

संघपालच्या घरी यंत्राची पूजा कधी झाली नव्हती. त्याचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. यंत्राला ग्रीस लागतं, दुसरं काही लागत नाही, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या हातून गेलेल्या गाड्या पळायच्याही. पण वीस बायकांच्या समोर, हातात फडकं घेऊन, हा विषय काढायची ही जागा नव्हती. त्यानं फडक्यानं स्वतःचा घाम पुसला आणि व्यंकटरावांना फोन लावला.

"एवढंच ना?" व्यंकटराव हसले. "अरे, आमच्या घराण्यात पाच पिढ्या पौरोहित्य! स्पीकरवर टाक. मी समजावतो."

टाकलं.

"ताई, नमस्कार. शास्त्रात सगळ्याची सोय आहे बरं का. उत्तरपूजा करायची, अक्षता वाहायच्या, मनोभावे नमस्कार करायचा, आणि खुशाल पुसून टाकायचं!"

"उत्तरपूजा? ती गणपती उठवताना करतेत ती?"

"अगदी बरोब्बर! तीच."

"म्हंजी देव जातो."

"हो. म्हणजे... जातो तसा."

"देवच गेल्यावर मशीन ठेवून काय करू? मंग ते बी घेऊन जा."

रांगेतून "खरंय, खरंय" असे आवाज आले. मग व्यंकटराव हळूच म्हणाले, "संघपाल, स्पीकर बंद कर."

"केला, सर."

"पाच पिढ्यांत असं कुणी बोललं नव्हतं रे. हे बघ, मला सही पाहिजे. कुंकू हलत नसेल तर बटण हलव!"

संघपाल मिरचीच्या पोत्यावर बसला. मांडीवर लॅपटॉप घेतला. ज्या बटणाची जागा केसभरही बदलता येणार नाही असं त्यानं चौदा महिने मीटिंगांमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, ते त्यानं वीस मिनिटांत उजवीकडं सरकवलं. लाल होतं ते निळं केलं, गोल होतं ते चौकोनी केलं, आणि कुणाला न विचारता त्याच्यावर लिहिलं: बंद.

गोजरबाईंनी चष्म्याशिवाय वाचलं. "हे बेस केलं. आधी का नाय लिहिलं?"

"साहेबांना वाटलं..."

"काय वाटलं?"

"त्यांना चित्रं आवडतात," संघपाल म्हणाला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं रूपाला सगळं सांगितलं. रूपा दवाखान्यात नर्स होती, दिवसभर सलाईनच्या पंपांची बटणं दाबून आलेली. ती शांतपणे म्हणाली, "लाल गोल काढला होता? मग चूक तुमचीच आहे." आणि कुकर लावायला गेली.

मंगळवारी पुन्हा पुंजाराम.

"साहेब, आता थांबतंय झकास."

"वा!"

"पर आपल्या मनानं चालू बी व्हायलंय. धने टाकले की मिरचीच्या वेगानं पळायलंय. मंग आपल्याच मनानं हळदीवर जातंय. मालकीण म्हणती, मशीन जागृत हाय."

संघपालनं ऑफिसातल्या नीरजाला विचारलं. काचेच्या आतली वायरिंग तिच्याकडं होती. तिनं कारण लगेच ओळखलं. "सर, तिथं काही ओलं आहे का? आपली काच ओलाव्याला बोट समजते."

पुंजारामांना विचारलं, तर ओलं होतं. मंगळवारचा झेंडूचा ताजा हार मशीनला घातला होता, आणि पुंजाराम दर तासाला त्याच्यावर पाणी शिंपडत होते. पंखा फिरला की हार हलायचा, आणि हार हलला की कुठल्या ना कुठल्या चित्राला टेकायचा.

"बटण दोन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालूच होणार नाही, असं करू या का?" नीरजानं सुचवलं.

"हार दिवसभर दाबून धरतो. इतका चिकाटीचा माणूस मला आजवर भेटला नाही."

"मग हार काढायला सांगा ना सर."

नीरजा नवीन होती. संघपाल उठला, पिशवी घेतली आणि नगर नाक्यावर गेला. त्या दिवशी जीपमध्ये तो तेरावा होता. गंगापूरला जाऊन त्यानं हारासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडली आणि सगळी बटणं मधे दाटीवाटीनं बसवली. ती आता त्याच्यासारखीच जीपमध्ये बसल्यागत दिसत होती.

बुधवार शांततेत गेला. शांततेची सवय नसल्यानं संघपालला त्या रात्री झोप लागली नाही.

गुरुवारी संघाच्या कमिटीच्या अकरा बायका मशीन बघायला येणार होत्या. "कमिटीनं बघितलं की मी सही करायला मोकळी," असं गोजरबाईंनी कळवलं होतं. म्हणून प्रात्यक्षिक दाखवायला संघपाल स्वतः गेला. इस्त्रीचा शर्ट घातला. मिरचीचं, हळदीचं एकेक चित्र कसं समजावून सांगायचं, ते जीपमध्ये मनातल्या मनात घोकलं. अकराजणी आल्या. प्रत्येकीच्या हातात ताट होतं.

"गोजराक्कानं लावलं, मंग आमी नाय लावायचं?" कमिटीतल्या सगळ्यांत थोरल्या, पारूबाई, म्हणाल्या.

"लावा ना आत्या," संघपाल कसाबसा म्हणाला, "फक्त तेवढं जरा वरच्या पत्र्यावर..."

"पत्र्याला कोण लावतंय? तोंडाला लावतेत."

पहिल्या बाईनं ओलं बोट टेकवलं, मिरची चालू झाली. दुसरीनं टेकवलं, धने. तिसरीनं टेकवलं, मशीन थांबलं. चौथीनं टेकवलं, पुन्हा सुरू झालं. प्रत्येक बोटाला मशीन काही ना काही उत्तर देत होतं, आणि बायका एकमेकींकडं बघून माना डोलावत होत्या. "पावतंय," मागून कुणीतरी म्हणालं. संघपाल बाजूला उभा राहून बोटं मोजत होता. "ताई, जरा डावीकडं... ताई, तिथं आधीच हळद आहे..."

"हळदीवर हळद लावायला काय हरकत हाय?" सातवी म्हणाली.

शेवटी पारूबाई पुढं झाल्या. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, वरच्या उजव्या कोपऱ्यात टेकवलं आणि डोळे मिटले.

संघपाल पुढं धावला. त्या कोपऱ्यात त्यानं इंजिनिअर लोकांसाठी एक गुप्त दरवाजा ठेवला होता. तिथं पाच सेकंद बोट दाबून धरलं, की मशीनचं आतलं सगळं उघडायचं. काचेवर एकाच जागी पाच सेकंद बोट ठेवणारा माणूस इंजिनिअरच असणार, असं त्यानं धरून चाललं होतं. भाविक त्यानं धरले नव्हते.

"आत्या, झालं, झालं आता..."

"थांब रं लेकरा. नातसुनेसाठी मागायचं राहिलंय."

नातसुनेनंतर धाकट्या लेकाच्या विहिरीसाठी मागून झालं. तोवर स्क्रीनवर एक चौकट आली होती. ‘मशीनमधलं सगळं पुसून टाकायचं का?’ खाली ‘होय’ आणि ‘नको’. पारूबाईंनी डोळे उघडले नाहीत. कुंकवाचं बोट झालं, आता हळदीचं. ते त्यांनी टेकवलं, आणि बरोबर ‘होय’वर टेकवलं.

मशीन घरघरलं आणि थांबलं. मिरची गेली, हळद गेली, धने गेले, व्यंकटरावांचं फिरणारं चिन्ह गेलं, गोड बाईचा नमस्कार गेला. चौदा महिन्यांचं सगळं पुसलं गेलं. काचेवर फक्त बारा बोटं कुंकू राहिलं.

"आता कसं नीटनेटकं दिसतंय," गोजरबाई समाधानानं म्हणाल्या. "आधी लई गिचमिड व्हती."

संघपालनं पुंजारामांकडून त्यांच्या शाळकरी नातीची फूटपट्टी मागून घेतली. कुठल्या बोटापासून कुठल्या बोटापर्यंत किती जागा रिकामी आहे, ते मोजून वहीच्या पानावर उतरवलं. मग पोत्यावर बसून लॅपटॉपवर सगळं पुन्हा भरलं आणि जिथं जागा मिळेल तिथं एकेक बटण कोंबलं. काचेचा बहुतेक भाग देवाकडं गेला होता. उरलेल्या चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये मिरची एकीकडं, धने भलतीकडं, हळद उभी तर काळा मसाला आडवा. इतकी वाईट स्क्रीन त्यानं अकरा वर्षांत बनवली नव्हती. कॉलेजात कुणी अशी बनवून आणली असती, तर मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. समजावून सांगायचं भाषण तर तो विसरूनच गेला होता.

आणि तेव्हाच ती गोष्ट घडली. कमिटीतल्या कडूबाईंनी हळकुंडं टाकली आणि विचारलं, "हळद कुठंय?"

"पारू आत्याच्या बोटाच्या खाली," दुसरीनं सांगितलं.

"आन् थांबवायचं?"

"गोजराक्काच्या उजव्या अंगाला. ते निळं."

"मिरची?"

"माझ्या अन् तुझ्या मधी!"

पाच मिनिटांत अकराच्या अकराजणींना अख्खं मशीन पाठ झालं. कुणी चित्राकडं बघेना, कुणी अक्षर वाचेना. ज्या मिरचीचे सतरा नमुने झाले होते, त्या मिरचीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. संघपाल पोत्यावरून बघत राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता, निदान रडू तरी. पण दोन्हीला ताकद लागते.

शुक्रवारी व्यंकटरावांना झकास कल्पना सुचली. "आपण काचेवर कुंकू छापूनच देऊ! पक्कं! बारा बोटं, कंपनीतूनच! म्हणजे कुणाला लावायलाच नको." त्यांनी ती कल्पना स्वतः फोन करून गोजरबाईंना सांगितली. गोजरबाई म्हणाल्या, "छापलेलं कुंकू? मंग तुमच्या घरच्या भाजीत मी बी छापलेला मसाला देते." त्यानंतर व्यंकटरावांनी गंगापूरला फोन केला नाही.

शनिवार उजाडला. आठ दिवस भरले. संघपाल जीपमधून उतरला तेव्हा गोजरबाई वाट बघत होत्या. रेघांच्या कागदावर पत्र तयार होतं, संघाचा गोल शिक्का मारलेला, आणि खाली सही. ढळढळीत, कागद फाडणारी सही. संघपालनं आधी सहीच बघितली. मग त्यानं पत्र वरून वाचायला घेतलं.

‘मशीन पसंत आहे. संघ चाळीस मशीन घेईल. अट एकच. प्रत्येक गावी मशीनची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी संघपाल भाऊंनी स्वतः येऊन बटणं बाजूला मांडून द्यावीत. दुसरा माणूस चालणार नाही.’

त्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तर अक्षरं हलायला लागली.

"ताई, हे..."

"मीच लिहायला लावलं," गोजरबाई म्हणाल्या. "तुमचा साहेब मला देव हलवा म्हटला. तुमी बटण हलवलं. तुमच्यात हे नसतं, मला ठावं हाय भाऊ. तरी एका सबदानं बोलले नाय. फूटपट्टी लावून मोजत बसले. असा माणूस कुठं भेटतो? मी कमिटीत सांगितलं, मशीन कुनाचं बी घ्या, माणूस ह्योच पायजे."

हे इतकं मनापासून होतं, की संघपालला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. त्यानं बाहेर जाऊन व्यंकटरावांना पत्र वाचून दाखवलं. पलीकडं ते खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

"चाळीस! शाब्बास! तू तर कमाल केलीस!"

"सर, अट ऐकली ना?"

"ऐकली की! मान्य! कळव त्यांना."

"सर, आणि सुट्टी?"

"दिली! शब्द म्हणजे शब्द. उद्याच घे."

"सर, उद्या रविवार आहे."

"बघ," व्यंकटराव म्हणाले, "मग तर तुला विचारायचीसुद्धा गरज नव्हती."

संघपाल परत आत आला. रूपाचा मेसेज येऊन पडला होता: ‘झाली का सही?’ त्यानं ‘झाली’ एवढंच लिहिलं. पुढचं जीपमध्ये लिहावं असं ठरवलं. तिथं निदान सगळेच चेहरा पाडून बसलेले असतात.

गोजरबाईंनी त्याच्या हातात दुसरा कागद दिला. चाळीस गावं, चाळीस मुहूर्त. "येकाच दिशी समद्यांचा मुहूर्त धरणार व्हत्या बाया. मी म्हटलं, बाई गं, एक माणूस एका दिवशी चाळीस गावी कसा जाईल? माणसाचा काही इचार करा. म्हणून एक दिसाआड ठेवलेत. तुमच्यासाठी."

संघपालनं मनातल्या मनात दिवस मोजले. ऐंशीच्या आसपास आल्यावर मोजणं थांबवलं.

"ताई, एक करता का? निदान सगळ्या बायांना सांगा, बोट टेकवताना डोळे उघडे ठेवा म्हणावं."

"डोळे उघडे ठेवून देव दिसतो व्हय?"

"देव नाही. बटण."

गोजरबाई मोठ्यानं हसल्या. मग पदरानं डोळे पुसले, ते हसण्यानं की मिरचीनं, ते कळलं नाही. "सांगते भाऊ. पर ऐकायच्या नाहीत. माझं ऐकत असत्या, तर ही सही मी तुम्हाला पहिल्याच शुक्रवारी दिली असती. तीस वर्सं झाली इथं बसून. मला बी कुनी सुट्टी नाय दिली." त्यांनी रांगेकडं हात केला. "ए, थांबा गं जरा! भाऊला च्या पिऊ द्या. हो, तुमचं बी कांडप बंद. लई गलका केला, तर थेट सोमवारी या."

रांग कुरकुरली. पुंजाराम चहा सांगायला गेले. संघपाल मिरचीच्या पोत्याला पाठ टेकून बसला, स्क्रीनकडं पाठ करून. चहा यायला दहा मिनिटं लागली. त्यातली चार शिंकण्यात गेली. उरलेली सहा मिनिटं मात्र त्यानं एकाही बटणाकडं बघितलं नाही.